टेस्टर पेटतो तेव्हा करंट तुमच्याच अंगातून जात असतो! मग शॉक का बसत नाही?

घरातला पंखा अचानक बंद पडला की आपण काय करतो? आधी रेग्युलेटर फिरवून बघतो, मग शेजारच्यांकडे लाइट आहे का ते बघतो आणि शेवटी ड्रॉवर उपसून टेस्टर शोधतो. टेस्टर सॉकेटच्या भोकात घातला, मागच्या टोपीवर बोट टेकवलं आणि आतला बारीक दिवा लाल झाला की "लाइट तर आहे!" असं जाहीर करून मोकळे होतो.

पण टोपीवरचं बोट उचललं की तो दिवा विझतो, हे कधी लक्षात आलंय का? बोट टेकवलं की पुन्हा पेटतो. दिवा टेस्टरचा, वीज बोर्डातली, मग त्याला तुमचं बोट कशाला हवं?

कारण बोर्डातून निघालेला करंट टेस्टरमधून तुमच्या बोटात, तिथून अंगातून पायांपर्यंत आणि पुढे जमिनीत जात असतो. तुम्ही त्या वेळी खरोखर सर्किटचा एक भाग झालेले असता. तरी काही जाणवत नाही, कारण टेस्टरच्या पोटात एक छोटा रेझिस्टर बसवलेला असतो. तो साधारण १० लाख ओहमचा धरला, तर २३० व्होल्टचा दाब असूनही अंगातून जास्तीत जास्त ०.२३ मिलीअँपिअर करंट जातो. माणसाला करंटची जाणीव होते ती साधारण १ मिलीअँपिअरच्या आसपास.

म्हणजे "करंट आहे की नाही" एवढंच विचारून भागत नाही. किती आहे आणि कोणत्या वाटेने जातोय, हे विचारावं लागतं. या दोन प्रश्नांची उत्तरं माहीत असली की एक्स्टेंशन बोर्ड का वितळतो, गिझरचा नळ का झिणझिणतो आणि घरात एमसीबी असूनही माणूस शॉकने का दगावतो, हे सगळं उलगडतं.

आधी थोडं शाळेतलं

विद्युतधारा, विभवांतर, रोध. दहावीच्या पुस्तकातले हे शब्द आठवले तरी काहींच्या पोटात गोळा येतो. पण भानगड सोपी आहे. तांब्याच्या तारेत असंख्य इलेक्ट्रॉन मोकळे असतात आणि एरवी सैरावैरा फिरत असतात. तारेच्या दोन टोकांमध्ये विजेच्या दाबाचा फरक निर्माण केला की ते एका दिशेला सरकायला लागतात. हे सरकणं म्हणजे करंट. तो मोजतात अँपिअरमध्ये. १ अँपिअर म्हणजे तारेतल्या एका जागेवरून सेकंदाला सुमारे ६२ हजार कोटी कोटी इलेक्ट्रॉन जाणं! दाब मोजायचा व्होल्टमध्ये, अडथळा ओहममध्ये. या तिघांचं नातं जर्मनीच्या गेऑर्ग ओहम यांनी १८२७ मध्ये मांडलं: व्होल्टला ओहमने भागलं की अँपिअर मिळतात. आजच्या लेखातलं जवळजवळ सगळं गणित एवढंच आहे.

समजावताना सगळे गच्चीवरच्या टाकीचं उदाहरण देतात. टाकी जितकी उंच तितका दाब जास्त, पाइप जितका बारीक तितका अडथळा जास्त. उदाहरण चांगलं आहे, पण एका ठिकाणी ते दगा देतं. पाइप कापला तर पाणी भळाभळा वाहतं. तार कापली तर मात्र टोकातून काही सांडत नाही, उलट करंट थांबतो. विजेला नुसती बाहेर पडायची वाट पुरत नाही, परत जायची वाटही लागते. निघालेल्या ठिकाणी परत नेणारं पूर्ण वर्तुळ असेल तरच करंट वाहतो. सर्किट म्हणतात ते यालाच.

आणखी एक गंमत. तारेत इलेक्ट्रॉन प्रकाशाच्या वेगाने धावतात असं अनेकांना वाटतं. प्रत्यक्षात घरातल्या वायरमध्ये त्यांचा सरकण्याचा वेग सेकंदाला एक मिलीमीटरसुद्धा नसतो. मुंगी सहज पुढे जाईल. त्यात आपल्याकडची वीज एसी, म्हणजे सेकंदाला १०० वेळा दिशा बदलणारी, त्यामुळे इलेक्ट्रॉन जागच्या जागीच पुढे-मागे होत राहतात. कोयनेच्या वीजघरातून निघालेला इलेक्ट्रॉन तुमच्या बल्बपर्यंत कधीच येत नाही. बटण दाबताच बल्ब लागतो, कारण सगळ्या तारेतले इलेक्ट्रॉन जवळजवळ एकदमच हलायला लागतात.

तारेवरचा कावळा आणि लोकलचं छत

कावळा तारेवर बसतो तेव्हा त्याचे दोन्ही पाय एकाच तारेवर असतात. दोन पायांच्या मधल्या वीतभरही नसलेल्या तारेत दाबाचा फरक जवळजवळ शून्य, मग करंट त्याच्या अंगातून जाणार कशाला? वटवाघळाचं नशीब तेवढं चांगलं नाही. मोठ्या वटवाघळाचे पंख पसरले की मीटरभराच्या वर जातात. एक पंख एका तारेला आणि दुसरा दुसऱ्या तारेला लागला की वर्तुळ पूर्ण होतं. रस्त्याकडेच्या तारांवर वाळून लटकलेली वटवाघळं तुम्ही पाहिली असतील, ती अशीच मेलेली असतात.

मुंबईकरांसाठी आणखी जवळचं उदाहरण. लोकलच्या डोक्यावर एकच तार असते. मग परतीची तार कुठे आहे? तुमच्या पायाखाली! वरच्या तारेतून आलेला करंट मोटारींमधून चाकांत आणि चाकांतून रुळांत उतरतो. परतीची मुख्य वाट रूळच असतात. ३ फेब्रुवारी १९२५ रोजी व्हिक्टोरिया टर्मिनस ते कुर्ला अशी देशातली पहिली विजेची गाडी धावली, तेव्हाही मामला असाच होता. तेव्हा तारेत १५०० व्होल्ट डीसी असायचे, आता २५ हजार व्होल्ट एसी असतात. गाडीचं छत चाकांमार्फत रुळांना जोडलेलं असतं. म्हणून छतावर चढलेला माणूस तार आणि रूळ यांच्या मधला दुवा बनतो. एवढ्या दाबाला तर स्पर्शाचीही गरज पडत नाही. जवळ गेलं तरी हवेतून ठिणगी उडी मारते.

पण घरात आपण एकाच वायरला हात लावतो, तरी शॉक बसतो. तो कसा? दुसरी वायर कुठे आहे?

याचं उत्तर गावाकडे पोरांनाही माहीत असतं, फक्त ते चुकीच्या कामासाठी वापरलं जातं. चोरून वीज घेणारे अनेकदा खांबावरच्या एकाच तारेवर आकडा टाकतात. ती झाली फेज. न्यूट्रल म्हणून ते लोखंडी सळई जमिनीत ठोकतात, आणि बल्ब लागतो. कारण कोपऱ्यावरच्या डीपीमध्ये ट्रान्सफॉर्मरचा न्यूट्रल मुद्दाम जमिनीशी जोडलेला असतो. म्हणजे तुमच्या पायाखालची जमीन हीच एका अर्थाने दुसरी वायर आहे. फेजला हात लागला की करंट हातातून शिरतो, छातीतून, पायातून जमिनीत उतरतो आणि मातीतून डीपीकडे परत जातो. वर्तुळ पूर्ण! अनवाणी पाय, ओली फरशी आणि बाथरूम ही जोडी इतकी वाईट का, तेही यातच आलं. (आकड्याची ती सळई आणि तिच्या आसपासची ओली जमीनही जिवंत असू शकते, हे आकडा टाकणाऱ्याच्या गुराढोरांना आधी कळतं.)

एक्स्टेंशन बोर्ड का वितळतो?

घरातली सगळी उपकरणं एकमेकांना समांतर जोडलेली असतात. म्हणून पंखा बंद केला तरी ट्यूब चालू राहते. जुन्या दिवाळीच्या माळेत बल्ब एकामागोमाग एक जोडलेले असायचे, एक गेला की सगळी माळ अंधारात आणि मग सगळं घर तो एक बल्ब शोधत बसायचं. समांतर जोडणीत ही कटकट नाही, पण एक किंमत मोजावी लागते. प्रत्येक नवं उपकरण आपला करंट मागतो आणि तो सगळा एकाच मूळ वायरमधून येतो.

कोण किती मागतो? उपकरणावर लिहिलेले वॉट घ्या आणि २३० ने भागा. ९ वॉटचा एलईडी बल्ब: सुमारे ०.०४ अँपिअर. ७५ वॉटचा पंखा: ०.३३. १००० वॉटची इस्त्री: ४.३. १५०० वॉटची किटली: ६.५. २००० वॉटचा गिझर: ८.७ अँपिअर. (पंखा, मिक्सर अशा उपकरणांत प्रत्यक्षातला करंट थोडा वेगळा येतो, पण अंदाजाला एवढं पुरे.)

आता बाजारात मिळणारा साधा एक्स्टेंशन बोर्ड बहुतेक वेळा ६ अँपिअरचा असतो. त्यावर भोकं चार, त्यामुळे आपल्याला वाटतं चार गोष्टी चालतील. त्यावर एकाच वेळी इस्त्री आणि किटली लावली की झाले जवळजवळ ११ अँपिअर. आता इथे खरी मेख आहे. वायरमध्ये तयार होणारी उष्णता करंटच्या प्रमाणात वाढत नाही, करंटच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. करंट दुप्पट झाला तर उष्णता चौपट. ६ च्या जागी ११ अँपिअर म्हणजे तिपटीहून जास्त उष्णता. प्लास्टिक मऊ होतं, वास यायला लागतो, आणि आपण म्हणतो, "काहीतरी जळतंय का गं?"

याहून लबाड प्रकार म्हणजे सैल जोड. सॉकेटमध्ये पिन हलते आहे, स्क्रू ढिला आहे, तांब्यावर काळं चढलंय. अशा ठिकाणी समजा पाव ओहमचा अडथळा तयार झाला. पाव ओहम म्हणजे काहीच नाही असं वाटेल. पण त्यातून १० अँपिअर गेले की त्या टिचभर जागेत २५ वॉट उष्णता तयार होते. साधा सोल्डरिंग आयर्न तेवढ्याच वॉटचा मिळतो! म्हणजे तुमच्या भिंतीतल्या बोर्डात कुणीतरी सोल्डरिंग आयर्न चालू करून ठेवल्यासारखं झालं. आणि एमसीबीला याचा पत्ताही लागत नाही, कारण करंट मर्यादेतच आहे. गिझर किंवा एसीचा प्लग तासभर चालल्यावर हाताला चटका देण्याइतका तापत असेल किंवा सॉकेट पिवळं-तपकिरी पडलं असेल, तर वायरमनला बोलवायचं काम उद्यावर ढकलू नका.

एमसीबी तुमच्यासाठी नाहीच!

हे वाक्य अनेकांना खटकेल, पण खरं आहे. एमसीबी बसवलेला असतो तो भिंतीतल्या वायरला वाचवण्यासाठी. त्याच्या आत दोन पहारेकरी असतात. एक दोन धातूंची पट्टी: ओव्हरलोडने ती हळूहळू तापते, वाकते आणि बटण पाडते. दुसरं तारेचं वेटोळं: शॉर्ट सर्किटमध्ये करंट एकदम शेकडो अँपिअरवर गेला की ते चुंबक बनून क्षणात बटण खेचतं. पूर्वी हेच काम फ्यूजची बारीक तार वितळून करायची. "सारखा फ्यूज उडतो" म्हणून त्यात जाड तार बांधणारे महाभाग प्रत्येक वाड्यात होते. आता त्यांचे वारसदार १६ चा एमसीबी काढून ३२ चा बसवतात. वायर तीच राहते, फक्त तिला वाचवणारा झोपी जातो.

आता माणसाचं गणित बघू. कोरड्या हाताच्या कातडीचा अडथळा हजारो ओहम असतो, कधी लाखाच्या घरातही जातो. पण अंग ओलं असेल तर तो घसरून १००० ओहमच्या आसपास येऊ शकतो. २३० भागिले १००० म्हणजे ०.२३ अँपिअर, अर्थात २३० मिलीअँपिअर. शरीराचं काय होतं? १ मिलीअँपिअरला झिणझिण्या. १० च्या पुढे हाताचे स्नायू असे आवळतात की वायर सोडता येत नाही. "करंटने धरून ठेवलं" म्हणतात ते हेच, धरलेलं असतं आपल्याच मुठीने. ३० च्या पुढे श्वासाचे स्नायू अडकू शकतात, आणि ५० ते १०० च्या दरम्यान, काही क्षण जरी छातीतून गेला, तरी हृदयाची लय बिघडून ते नुसतं थरथरत राहू शकतं.

म्हणजे ९ वॉटचा बल्ब जेवढा करंट घेतो, जवळपास ४० मिलीअँपिअर, तेवढा माणसाच्या जिवावर बेतायला पुरेसा आहे! आणि १६ अँपिअरचा एमसीबी १६ हजार मिलीअँपिअरपर्यंत शांत बसून असतो. माणसाच्या अंगातून २३० गेले काय, त्याच्या दृष्टीने कुणीतरी आणखी एक छोटा पंखा लावला एवढंच.

मग वाचवतं कोण?

पहिलं उत्तर, अर्थिंग. थ्री-पिनमधली ती वरची जाड पिन. ती इतर दोघींपेक्षा लांब असते, म्हणजे प्लग घालताना सगळ्यात आधी जोडली जाते आणि काढताना सगळ्यात शेवटी सुटते. जाड असते, म्हणजे चुकून फेजच्या भोकात जात नाही. ती गिझरच्या, फ्रिजच्या, वॉशिंग मशीनच्या धातूच्या अंगाला जमिनीशी जोडते. आत फेजची वायर सुटून अंगाला टेकली, तर करंटला तुमच्या १००० ओहमपेक्षा कितीतरी सोपी वाट मिळते. अर्थिंग चांगलं असेल तर इतका करंट धावतो की एमसीबी पडतो.

"चांगलं असेल तर" हे महत्त्वाचं. अर्थिंगच्या वाटेचा अडथळा समजा ५० ओहम झाला, कारण खड्डा कोरडा पडलाय किंवा जोड गंजलाय. मग करंट येतो फक्त ४.६ अँपिअर. एमसीबी ढिम्म हलत नाही आणि गिझरचं अंग जिवंत राहतं.

आम्ही पूर्वी राहायचो त्या भाड्याच्या खोलीत आंघोळीच्या नळाला ओला हात लागला की बारीक झिणझिण्या यायच्या. ओळखीच्या एका वायरमनने "जुन्या बिल्डिंगीत एवढं येतंच" म्हणून हसण्यावारी नेलं. पुढे दुसऱ्याने बोर्ड उघडला तेव्हा अर्थिंगच्या भोकामागे वायरच नव्हती! सॉकेट थ्री-पिनचं, आत मात्र दोनच वायर. आम्ही सगळा हिवाळा त्या नळाखाली आंघोळ केली होती. झिणझिण्या म्हणजे १ मिलीअँपिअर आणि अंगावर पाणी. पुढचे ३० मिलीअँपिअर फार लांब नसतात.

काही ठिकाणी याहून वाईट जुगाड असतो. अर्थिंग नाही म्हणून सॉकेटमध्येच अर्थच्या पिनेला न्यूट्रलचा तुकडा जोडून देतात, त्याला लूप मारणं म्हणतात. टेस्टरने बघाल तर सगळं ठीक वाटतं. पण मागे कुठे न्यूट्रलची वायर तुटली की फ्रिजच्या आतून आलेली फेज त्या लूपमधून थेट फ्रिजच्या दाराच्या हँडलवर येऊन बसते. फ्रिज बंद दिसतो, म्हणून आपण बघायला जातो आणि हँडल धरतो.

दुसरं उत्तर, आरसीसीबी. काही लोक अजून जुन्या सवयीने ईएलसीबी म्हणतात. याची युक्ती अफलातून साधी आहे. फेज आणि न्यूट्रल दोन्ही वायर एकाच लोखंडी कड्यातून जातात. जेवढा करंट गेला तेवढाच परत आला तर दोघांचं चुंबकत्व एकमेकाला खोडून टाकतं. पण गेले ५ अँपिअर आणि परत आले ४.९७, तर उरलेले ३० मिलीअँपिअर गेले कुठे? नक्कीच भलत्या वाटेने जमिनीत, कदाचित कुणाच्या तरी अंगातून. हिशोब चुकला की आरसीसीबी सेकंदाच्या छोट्याशा भागात लाइन तोडतो. म्हणून घरासाठी घेताना त्यावर ३० मिलीअँपिअर लिहिलेलं बघून घ्यायचं. १०० किंवा ३०० चे मिळतात, ते आगीपासून बचावासाठी, माणसासाठी नव्हे.

त्याच्याही मर्यादा आहेत. तुम्ही एका हातात फेज आणि दुसऱ्या हातात न्यूट्रल धरलात, तर गेलेला करंट बरोबर परत येतो. आरसीसीबीला तुम्ही म्हणजे एक बल्बच वाटता. आणि ओव्हरलोड त्याला कळत नाही, त्यासाठी एमसीबी सोबत हवाच. दोन्ही कामं एकत्र करणारा आरसीबीओही मिळतो.

घरात कुणाला शॉक लागून तो चिकटलाच, तर हात धरून ओढायला धावू नका, तुम्हीही त्याच वर्तुळात जाल. आधी मेन स्विच पाडा. ते शक्य नसेल तर कोरड्या लाकडाने किंवा प्लास्टिकच्या वस्तूने त्याला वायरपासून वेगळं करा. हे फक्त घरातल्या विजेसाठी. बाहेरची मोठी लाइन तुटली असेल तर जवळही जायचं नाही. वेगळा केल्यावर श्वास नसेल तर छाती दाबायला लागा आणि दुसऱ्या कुणाला तरी १०८ ला फोन करायला सांगा. शुद्धीवर असला तरी डॉक्टरांना दाखवा, हृदयाची गडबड नंतरही होऊ शकते.

आता उठून तुमच्या घरातल्या एमसीबीच्या पेटीचं झाकण उघडा. एखाद्या स्विचच्या शेजारी इंग्रजी टी अक्षराचं छोटं बटण आहे का? असेल तर तो आरसीसीबी. कॉम्प्युटर बंद करा, घरच्यांना सांगा आणि ते बटण दाबा. खटकन लाइट गेली पाहिजे. गेली तर स्विच वर करा आणि महिन्याने पुन्हा दाबा. नाही गेली तर तो नुसता शोभेला बसलाय. आणि असं बटणच नसेल, तर वायरमनला फोन लावा आणि तो आलाच आहे तर बाथरूमच्या सॉकेटमागे खरंच तीन वायर आहेत का, तेही उघडून दाखवायला सांगा.